झिराडचं बेरियम

यमुना पाटलांना मी कधीच कशानेही हाक मारली नाही. गावात त्या यमूताय होत्या, पुतण्याच्या तोंडी आते, आणि चिलीतल्या वेधशाळेतून व्हिडिओ कॉलवर येणारी कामिला त्यांना ‘यामूना’ म्हणायची. मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “मॅडम नको. मॅडम ऐकलं की मला मीटिंगला उशीर झाल्यासारखं वाटतं. आत्या म्हण.” मला ते जमलं नाही. जी माझी आत्या नाही तिला आत्या म्हणणं म्हणजे उगाच जवळीक करण्यासारखं वाटायचं, आणि त्यांनीच नको म्हटल्यावर मॅडम म्हणायचीही सोय राहिली नव्हती. मग मी नुसती त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायचे, त्या मान वर करेपर्यंत थांबायचे आणि वाक्य मधूनच सुरू करायचे. हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं होणार नाही. पण त्या त्यावर कधी बोलल्या नाहीत. न बोललेल्या गोष्टी तशाच राहू देण्याची त्यांना सवय होती, आणि माझं त्यांच्याशी जमलं ते बहुतेक याच एका गोष्टीमुळे.

मांडव्याच्या जेट्टीवरून अलिबागकडे निघालं की थोड्या वेळाने रस्त्याच्या डाव्या हाताला त्यांच्या पुतण्याचं, विलासचं घर लागतं. खाली अंगणात त्याचे दोन डंपर, एका कडेला वाळत घातलेले बोंबील, आणि वर यमुनाबाईंच्या दोन खोल्या. घराणं मूळचं मिठागरांवर काम करणारं. मिठागरं गेली, विलासच्या वडिलांनी ट्रक घेतला, विलासने डंपर घेतले, आणि त्या दोघांच्या मधे यमुनाबाई शिकत शिकत बंगलोरच्या एका संस्थेत पोचल्या. तिथे आयुष्यभर ताऱ्यांच्या प्रकाशातल्या रेघा मोजून निवृत्त झाल्या आणि मोजायच्या राहिलेल्या रेघा घेऊन गावी परत आल्या.

मी बीएस्सी होऊन घरीच होते. माझी आई अलिबागला शिक्षिका. तिला कुणाकडून तरी कळलं की एका शास्त्रज्ञ बाईंना चांगल्या डोळ्यांची मुलगी हवी आहे. आई मला घेऊन गेली.

“गप्प किती वेळ बसता येतं तुला?” यमुनाबाईंनी विचारलं.

“दिवसभर,” उत्तर आईनेच दिलं. “तीच तर काळजी आहे.”

“मग उद्यापासून येऊ दे.”

मुलाखत संपली. जाताना त्यांनी आईच्या हातावर कातरलेल्या सुपारीची पुडी ठेवली. श्रीवर्धनहून त्या सुपारी मागवायच्या आणि विचार करता करता अडकित्त्याने कातरत बसायच्या. खायच्या मात्र नाहीत, डॉक्टरांनी बंद केली होती. कातरणं बंद करायला डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे घरी येणारा प्रत्येक माणूस, गॅस सिलिंडर आणणारा सुद्धा, सुपारी घेऊनच परत जायचा. काप जाड असले तर काम बरं चाललंय असं विलासची बायको रेश्मा सांगायची. अगदी पापुद्र्यासारखे पातळ झाले की तिने वर जाऊन काही विचारायचं नाही.

काम काय होतं ते सांगायला हवं. ताऱ्याचा प्रकाश रंगांमध्ये पसरवला की त्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. ताऱ्याच्या अंगात जी मूलद्रव्यं आहेत, लोह, कॅल्शियम, बेरियम, ती आपापल्या ठरलेल्या जागी प्रकाश खातात. संगणकाच्या पडद्यावर तीच रेघ आलेखातला खड्डा होऊन येते. खड्डा किती रुंद, किती खोल, यावरून ते द्रव्य किती हे काढायचं. आता हे यंत्रं करतात, पण फार मंद ताऱ्यांच्या बाबतीत यंत्र खरखरीलाच खड्डा समजतं. तिथे माणूस लागतो.

पहिल्या दिवशी मी थेट खड्डा मोजायला घेतला. त्यांनी माउसवरचा माझा हात थांबवला.

“आधी जिथे काही नाही तिथली रेघ काढ.”

“कुठली?”

“जिथे कुणीच प्रकाश खाल्लेला नाही तिथली. वरची. ती चुकली तर खालचं सगळं चुकलं.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढे त्या फक्त बोटाने वर दाखवायच्या. दुसरी रीत म्हणजे, मोजून झालं की आलेख उलटा करून पुन्हा मोजायचा. खड्ड्याचा डोंगर होतो आणि आपल्याला हवं ते दिसणं थोडं कमी होतं. तिसरी म्हणजे, आकडे दोघींनी वेगवेगळे काढायचे आणि आधी कुणी कुणाला सांगायचे नाहीत.

आकड्यांवरून माझी एक फजिती होती. मी इंग्रजी शाळेतली. एकोणसत्तर म्हटलं की मला हमखास एकोणऐंशी वाटायचे. एकदा त्यांनी सांगितलेला आकडा मी चुकीचा टाकला आणि दुपारभर दोघी एका ताऱ्यात नसलेलं कॅल्शियम शोधत बसलो. कळलं तेव्हा मी कानापर्यंत लाल झाले.

“अगं, इंग्रजीत विचारायचं ना सरळ,” त्या म्हणाल्या. “लाजायचं असेल तर माणसांपुढे लाज. आकड्यापुढे नाही.”

आमच्या ताऱ्यांना खरी नावं नव्हती, लांबलचक क्रमांक होते. ते क्रमांकही त्या मला दाखवायच्या नाहीत. कुठला तारा कुठल्या दीर्घिकेतला हे कळलं की हात आपोआप अपेक्षेच्या बाजूला झुकतो, असं त्यांचं मत. म्हणून त्या प्रत्येक फाइलला एसटीच्या थांब्याचं नाव द्यायच्या. चोंढी, झिराड, किहीम, थळ, आक्षी. कोणता थांबा म्हणजे कोण, हे त्यांच्या एकटीच्या डोक्यात. खाली मासे विकायला येणारी कोळीण एकदा पाटी उतरवून पायऱ्यांशी दम खात बसली होती. वर आमचं चाललं होतं, “थळला लोह फारच कमी आहे,” “चोंढीला बेरियम दिसतच नाही.”

“यमूताय,” ती खालून ओरडली, “चोंढीला सगला मिलतंय गो. मीच बसतंय तिथं बाजाराला.”

यमुनाबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला.

आमचे तारे बटू दीर्घिकांतले, म्हणजे अगदी लहानशा आकाशगंगांतले. बटू दीर्घिका म्हणजे काय ते मी पुस्तकात वाचलं होतं. समजलं मात्र त्यांनी विलासला सांगितलं तेव्हा. रविवारी दुपारी तो जेवून वर यायचा, खाटेवर आडवा व्हायचा आणि त्यांना छेडायचा.

“आते, आपली एवढी मोठी आकाशगंगा सोरून तू त्या बारक्या बारक्यांच्या मागं का लागलंस?”

“तुमच्याकडे टीव्ही आला तेव्हा गावात आणखी कोणाकडे होता?”

“कोनाकडंच नाय. आख्खा पारा आमच्या ओट्यावर बसायचा.”

“कोणी आणला?”

“बाबांनी. मुंबैशी, लाँचीतून.”

“बघ, अजून आठवतंय. वीस घरांच्या पाड्यात पहिली वस्तू कोणी आणली ते कळतं. मुंबईत पहिला टीव्ही कोणी आणला, सांग बरं?”

“मुंबैचा कोन सांगनार?”

“म्हणून बारक्या. आपली आकाशगंगा म्हणजे मुंबई. तिथे कोण काय घेऊन आलं याचा पत्ता लागत नाही. त्या दीर्घिका म्हणजे पाडे. थोडे तारे झाले आणि पुढचं काम थांबलं. तिथल्या जुन्या ताऱ्यात बेरियम दिसलं, तर ते कोणी, कसं आणलं, हे विचारता येतं.”

विलास कुशीवर वळला. मग म्हणाला, “म्हंजे तू चौकश्या करतंस. आपल्या गावच्या बायकांसारक्या.”

“तेच करते. पगार घेऊन केलं, आता फुकट करते.”

आकाशाकडे मात्र त्या बघायच्या नाहीत. वीज गेली की घरातले सगळे गच्चीवर जायचे, त्या झोपून घ्यायच्या. विलासच्या मुलीने कधी बोट दाखवून विचारलं, तो कुठला तारा, तर म्हणायच्या, “विमान असेल.” त्यांना खरंच ओळखता यायचे नाहीत. त्यांचे तारे नुसत्या डोळ्यांना दिसणारे नव्हतेच.

एकदा अलिबागहून एक वार्ताहर आला. मुलगा चांगला होता, घरून तयारी करून आला होता. मिठागराची लेक ताऱ्यांमधलं मीठ मोजते, असं काहीतरी त्याने आधीच ठरवून आणलं होतं.

“मी सोडियम कधी मोजलंच नाही,” यमुनाबाई म्हणाल्या.

“थोडंसं तरी?”

“अजिबात नाही. त्याच्या रेघेत वाटेतल्या धुळीची रेघ मिसळते, रस्त्यावरचे दिवेही मिसळतात. भरवशाचं नाही ते. बेरियम लिहा.”

“बेरियम लोकांना कळणार नाही, मॅडम.”

“मग नका छापू.”

त्याने छापलं, आणि मिठाचंच छापलं. त्या दिवशी सुपारीचे काप फार पातळ झाले होते. खोटं कौतुक झालं म्हणून त्या चिडल्या नव्हत्या. न मोजलेली गोष्ट त्यांच्या नावावर लागली, याचा त्यांना त्रास झाला होता.

त्यांच्या नावावर खरं तर फार थोडं होतं. संस्थेत असताना त्यांनी शेकडो तारे मोजले, पण ते दुसऱ्यांच्या शोधनिबंधांत. नावांच्या रांगेत त्या तिसऱ्या, पाचव्या, नवव्या. पहिलं नाव त्यांचं असलेला महत्त्वाचा निबंध एकच. एका अतिशय मंद बटू दीर्घिकेत जवळजवळ कुठल्याच ताऱ्यात जड मूलद्रव्यं नव्हती. एका ताऱ्यात मात्र बेरियम भरपूर. यमुनाबाईंचं म्हणणं असं की हा तारा त्या बेरियमसकट जन्मला, म्हणजे त्या इवल्या पाड्यात अगदी सुरुवातीला काहीतरी मोठं घडून गेलं होतं. एका परिषदेत बॉस्टनहून आलेल्या एका गृहस्थांनी उभं राहून विचारलं होतं, की बेरियम जन्माचं कशावरून? शेजाऱ्याचं कशावरून नाही? काही ताऱ्यांना जोडीदार असतो. तो म्हातारा झाला की आपल्यातलं बेरियम या ताऱ्यावर ओततो आणि विझून जातो. नंतर तो दिसत नाही. पण त्याच्या ओढीने हा तारा किंचित पुढे-मागे डुलत राहतो. यमुनाबाईंनी तिथल्या तिथे उत्तर दिलं होतं, “मी तो तारा दोन वेळा मोजला आहे. तो डुलत नाही.” हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा वर जायचा. कामिलाच्या प्रबंधातलं एक प्रकरण याच ताऱ्यावर उभं होतं.

तिसरं मोजमाप मिळावं म्हणून त्या कितीतरी वर्षं दुर्बिणीचा वेळ मागत होत्या. दर वेळी नकार यायचा. मग त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास कामिलाचा निरोप आला, तारा मिळाला, फाइल पाठवते आहे. यमुनाबाईंनी रेश्माला सांगून खाली सगळ्यांसाठी शिरा करायला लावला.

फाइल आली त्या सकाळी त्यांनी मला पाच थांबे दिले. त्यात तो तारा तीनदा होता, एकदा नवा आणि दोनदा जुना, आणि उरलेले दोन भलतेच तारे. कोण कोण आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी फक्त प्रत्येक तारा आपल्याकडे येतोय की लांब जातोय, आणि किती वेगाने, एवढं काढायचं होतं.

यात एक भानगड असते. अलिबागच्या स्टँडवर आपली एसटी मागे निघते आणि आपल्याला वाटतं शेजारची गाडी पुढे चालली. तसंच पृथ्वीचं. ती सूर्याभोवती फिरताना कधी ताऱ्याकडे चाललेली असते, कधी त्याच्यापासून दूर. आपली ही चाल हिशेबातून काढल्याशिवाय ताऱ्याची खरी चाल कळत नाही. मी ते संगणकाला करायला दिलं आणि आकडे त्यांच्यासमोर ठेवले.

त्यांनी कागद पाहिला. बराच वेळ पाहिला.

“झिराड पुन्हा कर.”

मी पुन्हा केलं. तेच आलं.

“झिराड जुना आहे,” त्या म्हणाल्या. थांबा कोण आहे हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. “तो मी स्वतः काढलाय. माझा आकडा वेगळा आहे. तुझं चिन्ह चुकलं असणार. अधिकच्या जागी उणे.”

मी मान हलवली. घरी गेले, सगळं तपासलं. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली.

“चिन्ह बरोबर आहे,” मी म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. उठल्या, दाराशी गेल्या आणि म्हणाल्या, “चल गच्चीवर. चिन्ह पुस्तकातून घेऊ नये, पायांनी घ्यावं.”

गच्चीवर ऑक्टोबरचं ऊन होतं. एका कडेला सुकट पसरलेली. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची मधोमध ठेवली आणि मला तीवर बसवलं.

“तू सूर्य. ती काळी टाकी तारा. मी पृथ्वी.” साडीचा पदर त्यांनी कमरेला खोचला. “झिराड घेतला त्या दिवशी पहाट होत आली होती आणि तारा डोक्यावर होता. म्हणजे सूर्याकडे तोंड केलं की तारा उजव्या हाताला.” माझ्याकडे तोंड करून, टाकी उजव्या हाताला येईल अशा बेताने त्या उभ्या राहिल्या. “वेधशाळेतलं हिशेबाचं यंत्र तेव्हा बंद पडलं होतं. मी असंच खुर्चीभोवती चालून चिन्ह काढलं. बघ हं.”

आणि त्या चालायला लागल्या. मला उजव्या हाताला ठेवून, सावकाश, पावलापुढे पाऊल. दोन्ही हात नकळत पोटाशी जुळले होते. टाकी त्यांच्या पाठीमागे राहिली.

“लांब चाललेय. दिसतंय? माझं चिन्ह बरोबर आहे.”

मला दिसत होतं. मी असंच चालणारी माणसं लहानपणापासून पाहिली होती, देवळात, तुळशीभोवती. मला गप्प राहता आलं असतं.

“पृथ्वी…” मी म्हटलं. “पृथ्वी दुसऱ्या बाजूने फिरते.”

त्या थांबल्या. स्वतःच्या पावलांकडे पाहिलं. मग पोटाशी जुळलेल्या हातांकडे. हात सुटे केले. पुन्हा पहिल्या जागी आल्या, माझ्याकडे तोंड केलं आणि उलट्या बाजूने निघाल्या. या वेळी पाऊल अडखळत होतं, शरीराला ती बाजू पटत नव्हती.

खाली विलास डंपर धूत होता. त्याने वर पाहिलं. “आते, उलटी प्रदक्षणा का घालतंस गो? चक्कर येल!”

“थांब रे जरा,” त्या म्हणाल्या, त्याच्याकडे न बघता. आणखी दोन पावलं टाकली. टाकीवर त्यांचा हात टेकला.

“मी टाकीकडे चाललेय,” त्या म्हणाल्या.

उन्हाने टाकी तापली असणार. पण हात त्यांनी लगेच काढला नाही.

पुढचं दोघींनाही समजलं होतं. आपली जी चाल एका बाजूने धरायची, ती त्यांनी झिराडच्या वेळी दुसऱ्या बाजूने धरली होती. त्यामुळे जुनी दोन मोजमापं योगायोगाने जुळली आणि तारा स्थिर वाटला. चिन्ह सरळ केलं की तीनही आकडे वेगवेगळे येत होते. तारा डुलत होता. त्याला जोडीदार होता. बेरियम जन्माचं नव्हतं.

त्या दुपारी मला वाटलं होतं की सुपारी कातरल्याचा आवाज येईल. आला नाही. त्या खाटेवर बसून राहिल्या, भिंतीला टेकून, आणि एकदाच म्हणाल्या, “किती सहज चालले होते गं मी.” मग रेश्माला हाक मारून चहा मागितला आणि कामिलाला फोन लावला. निबंध छापलेल्या शोधपत्रिकेला कळवण्याआधी तिला कळायला हवं होतं.

कामिला पडद्यावर आली. तिथे सकाळ होती, तिचे केस ओले होते. यमुनाबाईंनी आडवळण न घेता सांगितलं. ताऱ्याला जोडीदार आहे, चूक माझी आहे, तुझं चौथं प्रकरण पडतं. मग कामिलाने विचारलं, “यामूना, तुम्हाला खात्री आहे?”

“मी स्वतः चालून पाहिलं,” यमुनाबाई म्हणाल्या.

कामिला रडली, थोडी. यमुनाबाईंनी तिला थांबवलं नाही, धीरही दिला नाही, नुसत्या समोर बसून राहिल्या. तिचं रडून झाल्यावर म्हणाल्या, “आता त्या दीर्घिकेत एकाही ताऱ्याचं स्वतःचं बेरियम नाही. एकाचंही. म्हणजे तिथे तसं काहीच घडलं नव्हतं. हे माझ्या निबंधापेक्षा जास्त विचित्र आहे. तू लिही. पहिलं नाव तुझं.”

“आणि तुमचं?”

“माझं दुरुस्तीवर.”

दुरुस्ती त्यांनी त्याच आठवड्यात पाठवली, एका परिच्छेदाची. माझं नाव आभारात घातलं. मी नको म्हटल्यावर म्हणाल्या, “तू बोललीस ना? मग आहे तुझं.” एक प्रत बॉस्टनच्या त्या गृहस्थांना पाठवली. “त्यांना हसू दे. तेवढा हक्क आहे त्यांचा.” ते हसले नसावेत. त्यांचं लांबलचक, चांगलं उत्तर आलं. ते यमुनाबाईंनी वाचलं आणि मला न दाखवता बंद केलं. मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर गावातल्या मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. विलासच त्यात पुढे होता. त्याला दुरुस्तीचं काही ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी फरक पडला नसता. फ्लेक्स छापून आला तेव्हा मी तिथेच होते. यमुनाबाईंचा पासपोर्टचा फोटो मोठा करून, मागे कुठलीतरी भलतीच झगझगीत दीर्घिका, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘बेरियमच्या ताऱ्याचा शोध लावणाऱ्या आमच्या गावच्या भूमिकन्या’.

“ही ओळ काढ,” त्या म्हणाल्या.

“आते, छापून आलाय तो. आता कसा काडू?”

“तो शोध खोटा निघाला.”

“लोकांना बेरियम म्हंजे काय तेच म्हाईत नाय. कोन वाचतंय? सगले जेवाला येतील.”

“मी वाचतेय ना.”

“मग सत्कार कशाचा करायचा?”

त्यांनी थोडा विचार केला. “वय झालं, गावात परत आले, त्याचा कर. शाल घेते मी. नारळही घेते. ओळ नको.”

विलास कपाळाला हात लावून खाली गेला.

सत्काराला मी नव्हते. मला बंगलोरला एका ठिकाणी जागा मिळाली होती, त्यांच्याच शिफारशीने, आणि निघायचा दिवस नेमका तोच आला. त्यानंतर आमचं बोलणं फोनवर झालं ते कामापुरतं. ते कधी लांबायचं नाही, दोघींपैकी कुणालाच लांबवता यायचं नाही. पावसाळ्यात विलासचा फोन आला. आते सकाळी उठलीच नाही, म्हणाला. मी गावी गेले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सत्काराच्या दिवशीच, सकाळी, रिक्षातून.

आई आणि मी मांडव्याला लाँच पकडायला चाललो होतो. गावाच्या नाक्यावर बांबूंना तो फ्लेक्स बांधला होता आणि त्याच्याखाली स्टुलावर यमुनाबाई उभ्या होत्या. नवी साडी, पदर खोचलेला, हातात पांढरा कागद आणि चिकटपट्टी. विलास दोन्ही हातांनी स्टूल धरून काहीतरी बडबडत होता. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी ओळीवर कागद लावला, कडा हाताने नीट दाबल्या आणि खाली उतरून दोन पावलं मागे येऊन पाहू लागल्या. फ्लेक्सच्या मागून ऊन येत होतं. कागदातून अक्षरं तशीच वाचता येत होती.

आमची रिक्षा वळणाशी पोचली होती. मी मान बाहेर काढून पाहिलं. त्या पुन्हा स्टुलावर चढल्या होत्या आणि खाली हात करून विलासकडे दुसरा कागद मागत होत्या.